तुमच्यापाशीच राहू द्या

रंगाच्या कारखान्यातला तो इंजिनीयर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आला की सगळे त्याला जावईबापू म्हणत. ओल्या लोखंडावरही टिकेल असा रंग दोन्ही संस्था मिळून शोधत होत्या आणि इकडचं तिकडे कळवायचं काम त्याच्याकडे होतं. प्रयोगशाळेच्या मॅडम फसलेले प्रयोगसुद्धा त्याच्यापुढे मोकळेपणाने मांडत.

एकदा त्यांनी रंगात काय आधी घालायचं आणि काय मागून, ती युक्ती सांगितली. "अजून पक्कं नाही हं. सध्या तुमच्यापाशीच राहू द्या."

पण कारखान्यातल्या बैठकीत साहेब चारचौघांत म्हणाले, "तिकडे नुसता चहा प्यायला जाता की काय?" त्याला ते झोंबलं आणि तो सगळं बोलून बसला. साहेबांनी युक्ती करून पाहिली आणि परस्पर कारखान्याच्या नावाने पेटंटचा अर्ज ठोकला.

त्याला अन्न गोड लागेना. शेवटी बायको म्हणाली, "त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्हीच जाऊन सांगा."

त्याने मान खाली घालून सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. "मी कारखान्याला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं होतं."

मग तो साहेबांशी भांडला आणि अर्जावर मॅडमचं नाव घालायला लावलं. त्यात त्याची बढती हुकली. मॅडमनी फोन करून आभार मानले, पण परक्या माणसाचे मानावेत तसे. बढतीपेक्षा तेच त्याच्या मनाला जास्त लागलं.