संपातला उमराव

संप सुरू होऊन दोन वर्षं उलटली तरी तो मिटला की नाही, हे नक्की कुणी सांगेना. गिरणीचं गेट बंद होतं, त्यावरून ज्याने त्याने काय ते समजायचं. घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या पायथ्याशी चाळीत राहणाऱ्या धाकू लवू घाडीगावकर यांनी ते असं समजून घेतलं, की आपण आता उमराव झालो.

हा निष्कर्ष त्यांनी पुस्तकांतून काढला होता. स्टेशनाबाहेर कधीमधी रशियन पुस्तकांची गाडी लागायची. मराठीत आणलेल्या, विटेएवढ्या जाड कादंबऱ्या. कागद गुळगुळीत, बांधणी कापडी आणि किंमत भेळेपेक्षा थोडीशीच जास्त. कामगारांच्या राज्यातून आल्यात म्हणजे संपाचं काहीतरी असेल, म्हणून धाकूंनी पहिला ग्रंथ उचलला. आत निघाले काउंट, राजपुत्र, जनरलच्या विधवा आणि त्यांच्या लग्नाला आलेल्या मुली. बरीच पानं उलटली तरी कामगार काही आला नाही. मग एक आला. त्याने कुणाचा तरी कोट हातात घेतला आणि गेला.

तरी धाकू गुंतले, कारण ती माणसं ओळखीची वाटली. सकाळी उशिरा उठायची. चहा प्यायची. हवापाण्यावर आणि देशाच्या भवितव्यावर बोलायची. कंटाळा आला की गावी जाऊन शेती बघायच्या गोष्टी करायची आणि जायची नाहीत. धाकूंचं काय वेगळं चाललं होतं? त्यांचीही कुडाळकडे जमीन होती. सोळा भाऊबंदांत मिळून चार आंब्याची झाडं आणि एक न संपणारा वाद. फरक काय तो पडद्यांचा. तिकडे मखमलीचे, इकडे बायकोच्या, शेवंतीच्या जुन्या लुगड्याचे.

पुस्तकांतली एक रीत त्यांना फार भावली. तिकडे मोठ्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या नावाला बापाचं नाव जोडून. नुसत्या नावाने हाक नोकराला. धाकूंनी ही रीत चाळीत चालू केली आणि आठवड्याभरात दोन भांडणं ओढवून घेतली. मुंबईत बापाचं नाव तोंडावर घेतलं की पुढे हातच उठतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. उमरावांत तसं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

ही रीत चालली ती फक्त शेजारच्या भीमराजकडे. भीमराज मूळचा जालन्याकडचा, टेलिफोन खात्यात केबलच्या कामाला. धाकूंनी पहिल्यांदा "या, भीमराज कुंडलिक," म्हटलं तेव्हा तो दारातच थबकला.

"परत बोल रे."

"भीमराज कुंडलिक."

"गावात आमच्या म्हाताऱ्याला कुणी पुरत्या नावाने हाक मारली नाही कधी," भीमराज म्हणाला आणि आत येऊन बसला. "मला चालतंय. रोज म्हण."

या उमरावी थाटाखाली घर चालत होतं ते शेवंतीच्या डब्यांवर. बाई पहाटेपासून पोळ्या लाटायची आणि धाकू तिला पलंगावरून कादंबरी वाचून दाखवायचे. तिचा उजवा खांदा आता वर जाईना. डॉक्टरने सांगितलं, लाटणं बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल.

"अहो," एकदा ती मेजवानीच्या प्रकरणात मध्येच म्हणाली, "त्या लोकांका जेवूक कोण घालता?"

"नोकर असतात ना."

"तेंच्या खांद्याचा कायच लिवक नाय काय?"

धाकूंनी पान उलटून पाहिलं. नव्हतं.

भीमराजनेच काम शोधलं. मुलुंडच्या एका नव्या सोसायटीचे सेक्रेटरी, नंदकुमार म्हणून, त्याच्या ओळखीचे. वर्षानुवर्षं अडलेला त्यांचा फोन त्याने लावून दिला होता. सोसायटीला वॉचमन हवा होता.

"वॉचमन?" धाकू म्हणाले. "म्हणजे दरवान?"

"मग काय गव्हर्नर करतील तुला?"

शेवंतीने डाव्या हाताने लाटणं धरून पाहिलं. पोळी वेडीवाकडी झाली. धाकूंनी सदरा घातला.

रविवारी सकाळी इमारतीखाली गाड्यांच्या जागेत कमिटी बसली होती. गेटाजवळच्या पाटीवर सगळ्या मालकांची नावं पूर्ण लिहिलेली, आणि पहिलंच चेअरमनचं. धाकूंना एकदम घरच्यासारखं वाटलं. ते पुढे झाले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "चंद्रप्रकाश दशरथ, आपल्याला भेटून फार आनंद झाला."

चेअरमन चौबळ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे कान लाल झाले.

"माझ्या वडिलांचं नाव घेतोस? कोण रे तू?"

"साहेब, रागावू नका," भीमराज घाईने म्हणाला. "शिवी नाही ती. रशियन पद्धत आहे. हे रशियन पुस्तकं लई वाचतात."

यामुळे फारशी मदत झाली नाही. नंदकुमारांनी खुर्ची मागे सरकवली. "रशियन? आधी कुठे होता कामाला?"

"गिरणीत."

"संपवाला! चौबळसाहेब, वाट लागली. हा उद्या लिफ्टवाल्याला आणि झाडूवाल्याला घेऊन गेटावर लाल बावटा लावील."

नोकरी हातची चालली, हे धाकूंना दिसलं. त्याबरोबर शेवंतीचा हळद-चुना थापलेला खांदाही दिसला. ते पुन्हा वाकले, मघापेक्षा जास्त.

"गैरसमज होतोय साहेब. त्या पुस्तकांत लाल बावटा औषधालासुद्धा नाही. सगळे जमीनदार. एकेकाकडे हजार-हजार कुळं. नोकर सांगितल्याशिवाय बसत नाहीत, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मालक आला की दार उघडायचं, कोट घ्यायचा आणि भिंतीला चिकटून उभं राहायचं."

"आणि हे तुला आवडतं?" चौबळांनी विचारलं.

"फार आवडतं."

हे खरं होतं, अडचण तीच होती. आजवर त्यांनी ते सोफ्यावरच्या माणसाच्या बाजूने वाचलं होतं, एवढंच.

चौबळ सावकाश मागे रेलले. "बघा, नंदकुमार. वाचनाने माणसाला वळण लागतं." मग धाकूंकडे वळून म्हणाले, "एक तारखेपासून ये. आम्हाला साहेब म्हणायचं, नुसतं साहेब. आणि गेटावर पुस्तक आणायचं नाही."

बाहेर रस्त्याला लागल्यावर भीमराजने विचारलं.

"कोट घेणार तू त्यांचे?"

"मुलुंडात कोट कोण घालतं रे?"

"नाही, विचारलं. फोन लावायला मी तीन दिवस राबलो इथं. पाणी मागितलं तर खालच्या बागेचा नळ दाखवला ह्यांनी. आणि तू म्हणतोस, फार आवडतं."

अशा वेळी कादंबरीतले उमराव खिडकीबाहेर बघत. धाकू आधीच बाहेर होते. "तिचा हात जाईल रे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणून तर आणलं तुला," भीमराज म्हणाला. "चल."

घरी शेवंती उंबऱ्यातच उभी होती. "झाला?"

"झालं. एक तारखेपासून."

"मगे तेव्हापासून निम्मे डबे सोडतंय," ती म्हणाली, चटई अंथरली आणि भरदुपारी आडवी झाली. संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. लगेच तिचा डोळा लागला.

धाकूंना चहाची तल्लफ आली. त्यांनी स्वतःच स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, पावडर टाकली. मग लक्षात आलं की साखर कुठे असते, हे आपल्याला माहीत नाही. त्यांनी फळीवरचा एक डबा उघडला, त्यात डाळ. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्याचं झाकण कडक होतं, करकरलं. शेवंती कुशीवर वळली. धाकूंनी झाकण सोडून दिलं, चहा कपात ओतला आणि भिंतीला टेकून उभ्याउभ्याच तसा कडू पिऊन टाकला.