रंगीत चर्चच्या दारातले दोन जोड

समूहातील समस्त सुज्ञजनहो, अस्मादिकांनी आज प्रातःकाळी मातोश्रींसह आमच्या माले गावाहून घाटमाथ्यावरील रंगीत चर्चकडे प्रयाण केले.

हे चर्च प्रथम पाहिले ते ऐंशीच्या दशकात, मी चौथीत असताना. आई, मी आणि धाकटी बहीण मंगल. देवाचे घर म्हणून चपला दारात काढणारे आम्ही तिघेच. उर्वरित भाविक सपादत्राण आत होते. गुलाबी खांब, निळे छत पाहून दमलेली मंगल बाकाखाली झोपली आणि ती दिसेना म्हणून आईने रडून चर्च डोक्यावर घेतले. चपला दारात आहेत, म्हणजे पोर आतच आहे, हे दिव्य संशोधन अस्मादिकांचे.

मंगल गतवर्षी कर्करोगाने गेली. आईची स्मृती क्षीण झाली आहे. मंगल गेल्याचे सांगितले की ती प्रत्येक वेळी नव्याने ऐकते आणि नव्याने कोसळते.

आज आईने पुन्हा चपला काढल्या आणि वाकून एकेका बाकाखाली पाहू लागली.

"मंगे, ऊठ गं, यष्टी जाईल!"

सत्यवचनाचे आजन्म पुरस्कर्ते अस्मादिकही गुडघे टेकून तिच्यासोबत शोधत राहिले.

बाहेर दोनच जोड होते. आईचा चेहरा उजळला.

"आरं, तिच्या चपला न्हाईत हितं! घरी गेली आसंल ती. चल बिगीबिगी."

आता दिवेलागण झाली आहे. आई ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहते आहे. सुज्ञजनहो, माझ्यापाशी शब्दसंपदा विपुल आहे. तिला सांगण्याजोगे एक वाक्य कोणी सुचवाल का?