पेंडीचा वास

माझे सगळे गाढवपणे नातवंडांना तोंडपाठ आहेत. मीच रंगवून सांगते ना! हा एक मात्र कुणापाशी काढला नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही.

सत्तरच्या दशकात मी शिरवळच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. शेंगदाण्याच्या पेंडीतून प्रथिनांची पावडर काढायची. तासगावकडच्या बालवाड्यांत तिची खीर व्हायची. पांढरा कोट घालून मी अशी मिरवायचे, जणू प्रथिनं म्हणजे माझ्या माहेरची इस्टेट.

एका बालवाडीत खीर शिजवायची सखूबाई. मी पाहणीला गेले, तर दारातली म्हातारी म्हणाली, "आवं बाई, म्हशीची पेंड घालताय व्हय पोरांस्नी?" बायका हसल्या. सखूबाईही हसली. मला ते लागलं — किती लागावं? परतल्यावर मी पेंडीतली प्रथिनं विरघळवायला लागणारा कॉस्टिक सोडा वाढवला, आच वाढवली. पेंडीचा वास गेला. पावडर पांढरीशुभ्र. मालक खूश, मी त्याहून खूश.

मग प्रथिनांतली अमायनो आम्लं ठिपक्याठिपक्यांनी दाखवणाऱ्या तपासणीच्या कागदावर लायसिनचा ठिपका फिका पडला. पोरांच्या वाढीला लागतं ते हेच. शेजारी एक नवाच ठिपका — ओळखीच्या कुठल्याच अमायनो आम्लाचा नव्हे. कळलं नाही म्हणू? कळलं. कडक सोड्यात प्रथिनं उकळली की लायसिन भलत्यालाच असं चिकटतं, की पोटाला ते सोडवता येत नाही — हे मी वाचलेलं होतं. बोटाचा डाग असेल, म्हटलं. स्वतःलाच.

पोरांची वजनं वाढेनात. गावात बैठक बसली, मलाही बोलावलं. कुणीतरी म्हणालं, "पावडर घरला जात आसंल." सगळ्यांच्या माना सखूबाईकडे वळल्या. ती बौद्ध वस्तीतली. तिच्या हातचं काहींच्या घशाखाली आधीच उतरत नव्हतं — त्यांना निमित्त मिळालं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा की, बाई. पावडर तुमची हाय."

मी काय केलं? चष्मा पुसला. आणि म्हणाले, "पावडर उत्तम आहे."

चोर हा शब्द मी काढला नाही, बरं का — या चलाखीचं मला कितीतरी वर्षं कौतुक होतं.

सखूबाईला काढलं. मी कारखान्यात परतले आणि सोडा, आच, सगळं गुपचूप पूर्वीसारखं केलं. पुढच्या पाहणीला वजनकाट्याभोवती बायका जमलेल्या. काटा सरकलेला.

"बगा," एकजण म्हणाली, "सखू गेली आन् पोरांनी अंग धरलं."

माझ्याकडे बघून म्हणाली ती. मी "हो" म्हणाले.