दामाजीची सुपारी

दामाजी कोळ्याला मासा पटकन कळे, स्वतःचं मन मात्र फार उशिरा. कळव्याच्या खाडीत त्याची डोल, पिशवीसारखी जाळी, लागे. बायको जनी बाळंतपणात गेली तेव्हा आळीतल्या बाया म्हणाल्या, "बाप्याच्या जातीला तान्हं पोर जमनार हाय का?" बारावं उरकताच खडवलीचा मेव्हणा गोपीनाथ मुलीला घेऊन गेला. दामाजी ढसाढसा रडला. पण खरं सांगायचं तर त्याला हायसंही वाटलं. ते हायसं वाटणंच पुढे जन्मभर त्याला खात राहिलं.

शालू मामाला बाबा म्हणू लागली. मामाच्या घरात दामाजीला सगळे भावोजी म्हणत, म्हणून तीही भावोजीच म्हणे. लोक हसत. दामाजीही हसे, करतो काय बापडा!

त्र्याण्णव साली शालू स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली पोर. आज विचारायचंच, असं दामाजीने ठरवलं होतं: कन्यादान मी करू का? विधुराला कमरेला सुपारी खोचून ते करता येतं, हे तो भटजींना विचारून आलेला. सुपारीही खिशात तयार होती.

गप्पा मारत दोघं जवळा निवडायला बसली. त्यात बोटाएवढा, काडीसारखा एक मासा निघाला. असले मासे दामाजी आजवर केरातच टाकत आलेला.

"गाभोळी हाय पोटाला. मादी," तो म्हणाला.

"नर आहे, भावोजी. हा खडकांतल्या शेवाळात दडून राहतो, नळीसारख्या तोंडाने बारीक जीव ओढून खातो. मादी अंडी याच्या पोटाशी ठेवून निघून जाते. पिल्लं सुटेपर्यंत हाच वागवतो."

"म्हंजे बाप?"

"बापच."

मासा मेलेला होता, तरी दामाजीने तो तळहातावरून खाली ठेवला नाही. एवढ्याशा काडीला जमलं, आणि आपण बायांच्या एका बोलण्यावर मोकळे झालो! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. जिभेवर आलेला प्रश्न त्याने गिळून टाकला.

"येणार ना लग्नाला?" निघताना शालूने विचारलं. "पहिल्या पंगतीला बसवते तुम्हाला."

"येनार की."

त्याने खिशातली सुपारी काढली, अडकित्त्याने तिची खांडं केली आणि पुडी बांधून तिच्या हातात दिली.

"तुज्या बाबाला दे. पानात घालंल."

गोपीनाथला तो पहिल्यांदाच तिचा बाबा म्हणाला होता. शालूने पुडी पर्समध्ये टाकली आणि ती स्टेशनाकडे निघाली.