बोटावरचा थेंब

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो, तर त्यांनी आधी बोट टोचलं. मी भडकलो. "दुखतंय तोंड, आणि टोचता बोट?"

"काका, साखर वाढली की हिरड्या बिघडतात. अन् हिरड्या सुजल्या की साखरही आटोक्यात राहत नाही."

भावानं घरच्या अडत दुकानातून बाहेर काढल्यापासून मी कुणाचं पहिलं बोलणं मानत नाही. पण त्या लाल थेंबाशी काय घासाघीस करणार? ढेपेढेपेचा खडा चाखून मी गुळाचा धंदा उभा केला, हे बाईंना सांगितलं.

"साखर वाढलीय, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. वेळेत कळलं, दात वाचतील. चाखणं मात्र बंद."

"निम्मं?"

"अजिबात नाही."

पहिल्यांदाच सौदा हरलो, आणि जिना हलक्या पायानं उतरलो.