ओसरीवरचा कप

तेव्हा मी अमरावतीच्या सरकारी शाळेत चित्रकला शिकवत होतो. तो अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी तीन तास उशिरा आली, त्या दुपारी ओळख झाली. पुढच्या रविवारी मी अकोल्याला त्याच्या खोलीवर गेलो. कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"हे पाय, गुंतायचं नाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "आला तर आला, नाई आला तर नाई."

मलाही तेच सोयीचं होतं. वर्षभर असं चाललं. महिन्यातून एखादा रविवार, संध्याकाळच्या गाडीनं परत.

एकदा गेलो, तर तो विषमज्वरानं फणफणलेला. शाळेला तार करून मी तेरा दिवस राहिलो. साबुदाण्याची पेज भरवली, अंथरुणं धुतली. ताप उतरला त्या सकाळी मी पातेलं घासत होतो. मागून तो म्हणाला, "आता तू गेला तर मले करमणार नाई बापा." माझंही तेच होणार, हे मला तर आठवड्यापूर्वीच कळून चुकलं होतं.

बरा झाल्यावर त्यानंच विषय काढला. "अकोल्याले बदली करून घे. दोन सडे मानसं एका खोलीत राह्यले, तर कोन काय म्हणते?" मी हो म्हणालो.

मग तो एकदा अमरावतीला घरी आला. आईनं आधी गाव विचारलं, मग आडनाव. त्याचं घर अलीकडेच बौद्ध झालं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जमीनवाले. आई गोडच बोलत होती. चहा मात्र ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून आला. तो कप कोणासाठी असतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी माझा चहा बशीत ओतून पीत राहिलो. त्यानं कप स्वतःच विसळला आणि पालथा घातला.

स्टेशनच्या वाटेवर तो म्हणाला, "एक शब्द नाई बोलला तू."

"आई जुन्या वळणाची आहे रे."

"आईले काहून मधात आनतं? मी तुले पाहून राह्यलो होतो."

मी माफी मागितली. तो गाडीत चढला.

दोन पत्रांना उत्तर आलं नाही, तेव्हा मी अकोल्याला गेलो. त्यानं दार उघडलं, पाणी दिलं. मी खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं हळूच काढला. "जीव तर तुयातच हाय. पन तुह्या जिंदगीत मी कुठं बसू, ते सांग."

बदलीचा अर्जही मी तोवर लिहिला नव्हता.

उन्हाळ्यात घरच्यांनी माझं लग्न लावून दिलं. पावसाळा संपल्यावर मी पुन्हा जिनिंगच्या फाटकाशी उभा राहिलो. चौकीदार म्हणाला, "तो गेला काम सोडून. पत्ता कोनालेच नाई देल्ला."

मी बायकोनं सांगितलेलं सामान घेतलं आणि घरी आलो.