‘आ’ सोडून बाकीची अक्षरं

माझ्या मामेभावाचा, सुरेशचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तो एवढंच म्हणाला, “ताई, आई गेली. सकाळी चहा घेतला, म्हणाली जरा पडते… मग उठलीच नाही.” कमलमामीचं वय झालं होतं, हे कधीतरी ऐकावं लागणार हे ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला दुःख झालं नाही. मला भीती वाटली. भर गर्दीत कुणीतरी धरलेला हात सोडून द्यावा, तशी. सत्तरी ओलांडलेली बाई मी, नातवंडांची आजी, आणि भीती होती ती चार वर्षांच्या पोरीची. महिना होऊन गेला, ती अजून पुरती विरलेली नाही.

मामीइतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती कुत्र्यांना भ्यायची, टांग्याच्या घोड्यांना भ्यायची, क्षिप्रेच्या घाटावर गेली तर वरच्या पायरीवर बसून लोट्यानं पाय धुवायची. कुणी जोरात बोललं तरी पदराचं टोक चुरगाळत बसायची. तिच्या तेराव्याला जमलेले नातेवाईक या गोष्टी सांगून हसत होते, आणि त्या खऱ्याच होत्या. त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं ते मला सांगायचं आहे.

मध्य भारत हे राज्य जाऊन नवा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बोलणी घरोघर चालू होती त्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही ग्वाल्हेरला होतो. पावसाळा संपता संपता आमच्या गल्लीत देवीची साथ आली. आधी मला फोड आले, मग माझी शुश्रूषा करणाऱ्या आईला. मी वाचले, आई गेली. मला हे कुणी सांगितलं नाही. माझे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते, त्यामुळे मला काही दिसलंही नाही. एवढंच आठवतं की घरात एकाएकी फार माणसं आली आणि सगळी हळू बोलायला लागली. बाबा पार खचले होते. शेवटी आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, मला उचलून आगगाडीनं उज्जैनला घेऊन आला.

मामा सरकारी कचेरीत कारकून होता. फ्रीगंजात एका पंडितजींच्या घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. मामीला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. देवास गेटजवळच्या डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले आणि मामाला बाजूला नेऊन सांगितलं की डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्या बुबुळावर जखम आहे, ती भरली तर भरली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहील, रोज औषध घालायचं, धूळ लागू द्यायची नाही, चोळू द्यायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली म्हणे, “बच्ची रोनी नहीं चाहिए. पट्टी गीली हुई, बच्ची ने आँख मली, तो यह भी हाथ से जाएगी.”

नुकतीच आई गेलेली, डोळे बांधलेली, परक्या घरात आणून ठेवलेली मुलगी. आणि तिला रडू द्यायचं नाही. हे काम त्या घाबरट, कोवळ्या मामीच्या अंगावर पडलं.

मी पहिल्या दिवसापासून विचारू लागले, “आई कधी येणार?” मामीचं उत्तर यायला नेहमी वेळ लागायचा. त्या वेळात मला तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज ऐकू यायचा. मग ती म्हणायची, “अगं, आधी हे बघ काय आहे.” आणि माझ्या हातात काहीतरी यायचं. ‘बघ’ म्हणायची ती. हातानं बघायचं, असं आमचं ठरलं होतं.

एकदा तिनं पुढ्यात परात ठेवली. त्यात हरभरे, मूग, मसूर, गहू एकत्र. “हे सगळे भांडून एका घरात शिरलेत. ज्याला त्याला आपल्या घरी पोहोचव.” हरभऱ्याला चोच असते, मसूर चपटा असतो, गव्हाच्या पोटावर चीर असते, हे मी तिथे शिकले. सगळे वेगळे करून झाले की ती वाट्या तपासायची आणि मला कळू न देता पुन्हा परातीत ओतायची. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भांडलेले असायचे. पाण्याचा खेळ होता. लोट्यानं पातेल्यात पाणी ओतायचं आणि सांडायच्या आधी आवाजावरून थांबायचं. वासाचा खेळ होता. ओवा, हिंग, जिरं, सुंठ मामी नाकाशी धरायची आणि मी नावं सांगायची. पळीच्या दांड्यात बांगड्या ओवत मी वीसपर्यंत मोजायला शिकले. खिडकीशी बसून रस्ता ऐकायचा. टांगा भरलेला आहे की रिकामा, ते चाकांवरून सांगायचं. मामी खेळ सांगायची तेव्हा तिचा एक हात माझ्या हाताखाली असायचा. तो कायम गार आणि ओलसर असे. माझ्या मनात मामी म्हणजे एक मोठी, आईहूनही मोठी बाई होती, जिचे हात सदा थंड असतात.

घरमालकीण पंडिताइन वर येऊन मामीला वेगळंच भेवडावायची. “माता आई है, और तुमने आँखें बाँध दीं? माता नाराज हो जाएगी.” डॉक्टरांचं ऐकावं तर देवीचा कोप, आणि पट्टी सोडावी तर डोळा जाणार. मामीनं दोघांनाही सांभाळलं. पट्टी राहिली, आणि उशाला कडुलिंबाची डहाळी आली. रोज ताजी. ती बदलताना मामी काहीतरी पुटपुटायची, आणि मी अंथरुणात निपचित पडून ऐकायचे. कोण नाराज होणार, का होणार, काही कळायचं नाही. पण खोलीत कुणीतरी तिसरं आहे आणि ते आपल्याकडे बघतंय, असं वाटायचं.

अक्षरं तिनं कणकेची शिकवली. धूळपाटीवर बोटानं गिरवायची पद्धत होती, पण धूळ डोळ्यात जाईल म्हणून तिनं कणकेच्या वळ्या करून पाटावर अक्षरं मांडली आणि माझं बोट त्यावरून फिरवलं. ‘क’ पहिला, माझ्या नावाचा, कुसुमचा म्हणून. मग ग, म, न. मग अ, आणि अ नंतर एकदम इ. मला मुळाक्षरं तोंडपाठ होती, आईनंच शिकवलेली. मी म्हटलं, “मामी, आ राहिला.”

“तो उद्या,” मामी म्हणाली.

असे पुष्कळ उद्या गेले.

दिवाळीच्या तोंडावर मामाला हुकूम आला. कचेरीतली माणसं भोपाळला पाठवत होते, तिथे राहायला जागा नव्हती, बायकापोरं न्यायची सोय नव्हती. मामीनं मामाला विचारलं, “अहो, मी एकटी कशी राहू? हिला काही झालं तर?” मामा काय म्हणाला ते आठवत नाही. त्याच्या ट्रंकेची कडी वाजली, जिना उतरणारी पावलं वाजली, आणि मग मामी माझ्याजवळ येऊन बसली.

त्या दिवाळीत गल्लीत फटाके सुरू झाले तेव्हा मला वाटलं, घर पडतंय. दिसत काहीच नव्हतं. प्रत्येक आवाज माझ्या अंगावर येत होता. मी किंचाळले आणि हात पट्टीकडे गेले. मामीनं ते हात घट्ट धरले. ती स्वतः प्रत्येक बाराला दचकत होती, तिचं दचकणं माझ्या मनगटांना कळत होतं. तशातच तिनं परात उलटी घातली, माझे तळवे तिच्यावर टेकवले, वर आपले ठेवले. “बघ, आवाज पत्र्यात शिरतो. हा लांबचा. हा जवळचा. आता येईल तो कुठला, सांग.” परात खरंच थरथरत होती. मी सांगू लागले, लांबचा, जवळचा, लांबचा… फटाके थांबेपर्यंत आम्ही दोघी त्या परातीला धरून बसलो होतो.

पाडव्यानंतर पंडिताइन विरजण मागायला आली. मामी कणीक मळत होती, मी तिच्या गुडघ्याला टेकून बसले होते. पंडिताइननं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उसासा टाकून म्हणाली, “हाय राम, बिन माँ की बच्ची, ऊपर से आँखें भी ऐसी.” आणि विरजण घेऊन खाली गेली.

मी विचारलं, “मामी, बिन माँ की म्हणजे काय?”

कणीक मळण्याचा आवाज थांबला. बांगड्याही वाजेनात. मला या वेळी फार भीती वाटली, कारण मामीनं हातात काहीच दिलं नाही.

“कुसुम,” ती म्हणाली, “तुला देवी आल्या होत्या ना, तशाच तुझ्या आईला आल्या. तू बरी झालीस. ती नाही झाली. ती देवाघरी गेली, बाळा. आता ती यायची नाही.”

मी तिचा चेहरा शोधला. आजवर मी तिच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. तो ओला होता, हनुवटीपर्यंत. मी वर डोळ्यांपाशी चाचपलं, पट्टी आहे का ते बघायला.

“मामी, तू रडू नको ना. डोळा जातो.”

“नाही रडत,” ती म्हणाली आणि तिनं नाक ओढलं. मग कणकेचा गोळा घेऊन तिनं पाटावर वळ्या मांडल्या आणि माझं बोट धरलं. “हा आ.” अ मला येतच होता. त्याच्यापुढे एक सरळ काठी होती, एवढंच. मी त्या काठीवरून पुन्हापुन्हा बोट फिरवत राहिले. पट्टी कोरडी राहिली. मी धीराची होते म्हणून नव्हे; रडले तर अंधार कायमचा होईल, या धास्तीनं माझं रडू आतच गोठलं होतं.

पट्टी काढायच्या दिवशी मामा भोपाळलाच होता. एकटी कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही न गेलेली मामी मला कडेवर घेऊन टांग्यात चढली. घोडा फुरफुरला की तिचा श्वास अडकायचा. टांगेवाला म्हणाला, “डरो मत बाईसाब, बूढ़ा घोड़ा है.” ती रस्ताभर रामरक्षा म्हणत होती आणि मधल्या ओळी चुकत होती.

डॉक्टरांनी खोलीत काळोख केला, पट्टी सोडली आणि हळूहळू खिडकीचं दार लोटलं. डाव्या डोळ्यात काही आलं नाही. उजव्यात प्रकाश घुसला तो सुईसारखा. मग धुरकट काही, मग कडा. डॉक्टरांनी विचारलं, “बेटा, सामने कौन है?”

समोर एक बारकी मुलगी होती. फिकट चेहऱ्याची, मोठ्या कुंकवाची, ओठ दाबून उभी. मी तिला ओळखलं नाही. मला मोठ्या मामीला शोधायचं होतं. मी बोलत नाही हे पाहून त्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, दोन्ही डोळे गेले. ती पुढे झाली आणि तिनं माझा हात धरला. गार, ओलसर हात. मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, “मामी.”

निघताना मामीनं डॉक्टरांना विचारलं, “अब ये रोई तो चलेगा क्या?”

ते हसले. “हाँ हाँ, अब रो सकती है.”

टांग्यात बसल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, “कुसुम, आता रडलीस तरी चालेल हं.” देवास गेटपासून फ्रीगंजपर्यंत मी रडले. टांगेवाल्यानं एकदा वळून पाहिलं.

पुढे बाबा येऊन मला घेऊन गेले, शाळा झाली, मी एका डोळ्यानिशी शिकले आणि मुलांना शिकवलंही. मामानं यथावकाश उज्जैनला बदली करून घेतली, छोटं घर बांधलं, सुरेश झाला. मी दर सुट्टीत जायचे. मोठेपणी एकदा मामीला विचारलं, “तुला हे सगळं कुणी शिकवलं होतं गं? डाळी, पाणी, कणकेची अक्षरं?” ती ओशाळली. “कोण शिकवणार? मला फक्त भीती वाटायची की तू पुन्हा विचारशील. म्हणून हाताला येईल ते पुढे करायचे.”

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी सुरेशची बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, “ताई, आता सांगते, रागावू नका. आईंनी इतकी वर्षं इथली एक वस्तू हलवू दिली नाही. रंग दिला की प्रत्येक डबा परत जागच्या जागी. फ्रीज आणला तर तोही वाटेत नको म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवावा लागला. आम्ही समजायचो, आईंचा हट्ट आहे. मग एकदा यांनी विचारलंच. तर म्हणाल्या, कुसुमचा एकच डोळा आहे. उद्या तोही गेला, आणि ती इथे आली, तर तिला पाणीसुद्धा मागून प्यावं लागेल का?”

माझ्या उजव्या डोळ्याची नजर गेल्या वर्षापासून उतरते आहे. डॉक्टर काही खात्री देत नाहीत. मामी घाबरेल म्हणून तिला मी ते सांगितलं नव्हतं.

“आता थोडं बदलून घेऊ का?” सुरेशच्या बायकोनं विचारलं.

“थोडे दिवस राहू दे,” मी म्हटलं. ती बाहेर गेल्यावर मी डोळे मिटले आणि हात पुढे करून चालू लागले. ओट्याची कड लागली, मग कोपरा, मग माठाचा गारवा. झाकणावर पेला पालथा होता.